दोन शे

मॅडमच्या पर्समध्ये चष्मा कधी सापडत नसे, विरजण मात्र हमखास सापडे. स्टीलची, फिरकीच्या झाकणाची, लिंबापेक्षा थोडी मोठी अशी एक डबी होती. रोज सकाळी ती भरून यायची आणि दुपारपर्यंत कुणीतरी रिकामी करून न्यायचं. कधी ऑफिसातल्या क्लार्कबाई, कधी वॉचमनची बायको, कधी रसायनशास्त्राचे एक विधुर प्राध्यापक. त्यांचं दही कधीच लागत नसे, तरी ते दर सोमवारी नव्या उमेदीने येत. मॅडमची अट एकच होती. डबी रिकामी परत करायची नाही. त्यामुळे ती शेंगदाणे, लसणाची चटणी, गूळ असं काही ना काही घेऊन परत येई. विधुर प्राध्यापकांनी एकदा तिच्यात प्रयोगशाळेतलं शुद्ध सोडियम क्लोराइड भरून पाठवलं. मॅडमनी चव घेऊन पाहिली आणि म्हणाल्या, "माणूस चांगला आहे, पण मीठच दिलं शेवटी."

कॉलेजात सगळे त्यांना विरजणबाई म्हणत. त्यांना ते माहीत होतं आणि आवडतही असावं, कारण एका मुलाने हजेरीला चुकून "येस विरजणबाई" म्हटलं तेव्हा त्यांनी शांतपणे त्याची हजेरी लावली होती.

त्या आम्हाला जळगावात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायच्या. माहेर साक्रीकडचं, म्हणजे धुळे जिल्ह्यातलं. वर्गात त्या अगदी पुस्तकी मराठीत बोलत, पण प्रयोगशाळेत जंतूंशी बोलायची वेळ आली की अहिराणी. 'आहे'ला 'शे', 'सगळं'ला 'बठ्ठं'. एखाद्या बशीत जंतूंची वाढ झाली नसली की त्या बशी डोळ्यांसमोर धरून विचारायच्या, "काय व्हयनं रे तुले?" आणि खरोखर उत्तराची वाट पाहायच्या. मी सावद्याचा. आमच्याकडची बोली वेगळी. अहिराणी मला लग्नात ऐकलेल्या गाण्यांपुरतीच माहीत होती, आणि आमच्या गावात 'शे' म्हणजे शंभर.

इन्क्युबेटरला त्या सासूबाई म्हणत. जंतूंना सदतीस अंश ऊब देणारं ते कपाट मॅडम नोकरीला लागल्या त्याच्या आधीपासून तिथे होतं, कधीही तापायचं आणि कधीही गप्प बसायचं. मे महिन्यात मात्र सासूबाईंचं काही चालत नसे. बाहेर जळगाव पंचेचाळीसवर गेलेलं असताना सदतीस म्हणजे थंड हवेचं ठिकाण. मग मॅडम ओल्या गोणपाटाने कपाट गुंडाळत आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत की या गावात जंतूंनाही उन्हाळ्यात मामाच्या गावाला पाठवावं लागतं.

प्रयोगशाळेत खायला सक्त बंदी होती. तशी पाटी त्यांनीच लावली होती. स्वतः मात्र त्या दुपारी उंबरठ्यावर स्टूल टाकून बसायच्या. एक पाय आत, एक बाहेर. मांडीवर ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा. ठेच्याने खोकला यायचा तो आमच्यापर्यंत पोचायचा. प्राचार्यांनी एकदा हटकलं तर म्हणाल्या, "तोंड बाहेर आहे, सर."

आणि लाईट. लाईट गेली की मॅडम तौसीफकडे वळायच्या. तौसीफ माझ्या वर्गातला, दीपनगरच्या कॉलनीत वाढलेला, त्याचे अब्बा तिथल्या वीज केंद्रात फिटर. "तुझ्या वडिलांना फोन लाव," हे त्या इतक्या गंभीरपणे म्हणायच्या की पहिल्या वेळी त्याने खरंच लावला. अब्बांनी तिकडून शांतपणे समजावलं की बनवणारे वेगळे आणि पोचवणारे वेगळे. ते वाक्य मॅडमना फार पटलं. मग कुठलीही गोष्ट बिघडली की त्या विचारायच्या, बनवण्यात बिघडली की पोचवण्यात?

आमची निवड कशी झाली ते सांगितलं की बाई कशा होत्या ते कळेल. परदेशात विद्यार्थ्यांची एक स्पर्धा असते. जंतूंच्या जनुकांत फेरफार करून त्यांच्याकडून एखादं उपयोगाचं काम करून घ्यायचं. शास्त्राचं नाव सिंथेटिक बायोलॉजी. मॅडम त्याला जंतूंची शिकवणी म्हणत. या स्पर्धेसाठी संघ करायचा असं ठरलं तेव्हा तीसेक मुलं आली, गुणपत्रिका घेऊन. मॅडमनी एकाचीही गुणपत्रिका पाहिली नाही. डबीतून प्रत्येकाला चमचाभर विरजण दिलं आणि सांगितलं की उद्या स्वतः लावलेलं दही घेऊन या.

दुसऱ्या दिवशी टेबलावर तीस वाट्या. मॅडमनी चमचा फिरवत फिरवत बहुतेकांच्या आयांचं कौतुक केलं. तौसीफने फ्लॅटच्या गच्चीवर भर उन्हात दही लावून, तासातासाला तापमान लिहून आणलं होतं, तो लगेच आत. माझ्या वाटीत दूध फाटून खाली बसलं होतं, कारण मी उकळत्या दुधात विरजण टाकलं होतं. मी ते तसंच घेऊन गेलो. मॅडमनी विचारलं, नवीन का नाही लावलंस? मी म्हटलं, वेळ नव्हता. हे खरं होतं, मी झोपलो होतो. पण त्यांनी त्यात काहीतरी वेगळंच पाहिलं आणि मला घेतलं. बिघडलेलं लपवत नाही, म्हणाल्या. माझ्याबद्दलचा हा गैरसमज पुढे मला फार महागात पडला.

विषय माझ्यामुळेच ठरला. आमची सावद्याला केळीची बाग. केळी झटपट पिवळी करायला कार्बाइड वापरू नये असा कायदा आहे. मॅडमचं म्हणणं, कायदा आहे म्हणजे कुठे ना कुठे कुणीतरी वापरत असणार. हलक्या कार्बाइडमध्ये आर्सेनिकचा अंश असतो, तो केळीच्या सालीला लागतो. साल धुतलेल्या पाण्यात आर्सेनिक असलं तर जंतूने जांभळं व्हायचं, नसलं तर गप्प बसायचं. घरी सांगितलं तेव्हा आमचे आबा म्हणाले, "शिकायला पाठवलं तर आधी घरच्याच केळीवर संशय." तरी दर आठवड्याला एसटीच्या ड्रायव्हरकडून एक फणी पाठवत राहिले. तीतली निम्मी संघाने खाल्ली, उंबरठ्यावर बसून.

आता स्पर्धेची एक अट होती. पदक हवं तर दुसऱ्या संघाला मदत केल्याचं, त्यांची मदत घेतल्याचं दाखवायचं. कोलॅबोरेशन. जगभरचे संघ या अटीवर एक नामी तोडगा काढतात: तुम्ही आमचा प्रश्नांचा फॉर्म भरा, आम्ही तुमचा भरतो, दोघांचं कोलॅबोरेशन झालं. आमच्याकडेही असे ढीगभर फॉर्म आले. दूरदूरच्या देशांतली मुलं आम्हाला विचारत होती की तुम्हाला जनुकबदलाविषयी एक ते पाचात किती आस्था वाटते. आम्ही सगळीकडे चार लिहून मोकळे होत होतो. मॅडमना कळलं तेव्हा त्यांनी ते बंद केलं. म्हणाल्या, हा लग्नातला आहेर झाला. त्यांनी टोपी दिली, आपण टॉवेल दिला, डोकं कुणाचंच झाकलं नाही.

"कोलॅबोरेशन म्हणजे विरजण," त्या म्हणाल्या. "ज्याच्याशिवाय आपलं दही लागत नाही ते शेजाऱ्याकडून आणायचं."

शेजारी म्हणजे धुळे. तिथल्या एका कॉलेजातही पहिल्यांदाच संघ झाला होता, चार जणांचा. त्यांना क्रीडा विभागाची अडगळीची खोली मिळाली होती, वर्षभराच्या बोलीवर. उंच उडीच्या गाद्या आणि कॅरम बोर्ड बाहेर काढून त्यांनी तिथे टेबलं मांडली होती. संघाची प्रमुख सुवर्णा, साक्रीजवळच्या एका खेड्यातली. तिने आर्सेनिक ओळखणारा जंतू तयार केला होता, पण त्याला रंग येत नव्हता. आमच्या जंतूला रंग यायचा, पण त्याला ओळखता काही यायचं नाही. दोघांनी मिळून ठरवलं की दोन्ही जंतू एकाच बाटलीत नांदवायचे. धुळ्याच्या जंतूने आर्सेनिकचा वास घ्यायचा आणि एक रसायन सोडून निरोप द्यायचा. जळगावच्या जंतूने निरोप मिळताच जांभळं व्हायचं. थोडक्यात, वास धुळ्याने घ्यायचा आणि बोंब जळगावने मारायची. आमच्या स्वभावाला हे काम बरं होतं.

यात मॅडमनी आपला एक कायदा घातला. दोन संघांनी एकमेकांना कृती, प्रमाण, काहीही लिहून विचारायचं नाही. फोन करायचा. "लिहून मागितलं की माणूस नुसता आकडा देतो. तोंडी विचारलं की सोबत अक्कलही देतो," असं त्यांचं म्हणणं. विरजणाचं प्रमाण कुणी लिहून देतं का, असंही. दुसरा कायदा डबीचाच. धुळ्याहून ट्यूब आली तर ती परत जाताना रिकामी जायची नाही.

धुळ्याची ट्यूब फेब्रुवारीत आली, बर्फाच्या डब्यात, एकात एक तीन पॅकिंग आणि वर सुवर्णाची सही. त्या आठवड्यात मॅडम विद्यापीठात पेपर तपासायला गेल्या होत्या. धुळ्याचा जंतू वाढवताना त्याच्यात थोडं अँटिबायोटिक टाकावं लागे, म्हणजे बाकीचे जंतू मरतात आणि आपला तेवढा राहतो. किती टाकायचं ते विचारायला मी सुवर्णाला फोन केला. ती गावाकडे जाणाऱ्या एसटीत होती. खिडक्या वाजत होत्या, कुणाचं तरी लेकरू रडत होतं. एरवी माझ्याशी जपून, शाळेतल्यासारखं मराठी बोलणारी सुवर्णा गडबडीत असली की अहिराणीत उतरे. ती ओरडून म्हणाली, "पाच मिलीला... प्रमाण दोन शे. ध्यान ठेव." मी तळहातावर लिहून घेतलं, मायक्रोलिटरमध्ये: २००.

दुसऱ्या दिवशी ट्यूब बघतो तर नितळ पाणी, म्हणजे जंतू वाढलाच नव्हता. तिसऱ्या दिवशीही पाणी. मी पुन्हा लावलं, पुन्हा पाणी. मला संशय यायला हवा होता. दोनशे हे फार होतं हे तौसीफने एकदा म्हटलंही, पण मी म्हटलं की तिने स्वतःच्या तोंडाने सांगितलंय. मग मी तो उद्योग केला. माझा एक चुलतभाऊ पुण्यात कॉम्प्युटर कंपनीत आहे, त्याच्याकडून मी शिकलो होतो की काम खरं वाटायचं तर ते मेलवर घ्यावं आणि मेल मोठ्यांना कॉपी करावा. मी इंग्रजीत एक झोकदार मेल लिहिला. तुमच्याकडून आलेला जंतू मृत आहे असे आम्ही खेदाने कळवतो, आमचा बहुमोल वेळ, वगैरे. कॉपी दोन्ही प्राचार्यांना. 'खेदाने' हा शब्द मी तीन वेळा वापरला होता आणि खेद मला एकदाही झाला नव्हता.

धुळ्याच्या प्राचार्यांनी तो मेल वाचला. क्रीडा शिक्षक खोलीसाठी त्यांच्या मागे लागलेच होते. सोमवारी अकरा वाजता बैठक ठरली: संघाचा जंतू जर मेलेलाच आहे तर खोली क्रीडा विभागाला परत का देऊ नये? खोली गेली की संघ गेला, हे उघड होतं. दुसरी जागाच नव्हती.

सुवर्णाचा मला फोन आला. ती भांडली असती तर बरं वाटलं असतं. ती एवढंच म्हणाली, "तुम्ही आमले पयले इचारं का नही?" आणि ठेवला.

गुरुवारी मॅडम परत आल्या. मेलची छापील प्रत प्राचार्यांच्या शिपायाने त्यांच्या टेबलावर ठेवलेली होती. चष्मा शोधण्यात दहा मिनिटं गेली. मग त्यांनी मेल वाचला, घडी केली, उंबरठ्यावर गेल्या आणि तिथल्या स्टुलावर न बसताच परत आल्या. जमिनीवर वर्तमानपत्र पसरलं, हातमोजे घातले आणि पिपेटची वापरलेली टोकं टाकायची बादली त्यावर ओतली. सगळी टोकं पिवळी होती.

आमच्याकडे अगदी थोडं द्रव मोजायला पांढरी छोटी टोकं लागत, जास्त मोजायला पिवळी. मॅडमनी काडीने ढीग चाळला. एकही पांढरं नाही.

"अँटिबायोटिक किती टाकलंस?"

मी म्हटलं, दोनशे. तिनेच सांगितलं.

मॅडमनी सुवर्णाला फोन लावला आणि आम्हालाही ऐकू येईल असा टेबलावर ठेवला. विचारलं, "सुवर्णा, प्रमाण कितलं शे?"

पलीकडून रडून बसलेला आवाज आला. "दोन शे, मॅडम. मी बठ्ठं सांगेल व्हतं."

"पाहा," मी म्हटलं. खरं सांगतो, मला विजय झाल्यासारखं वाटलं. "दोनशेच म्हणते."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. इतका वेळ की तौसीफ दुसरीकडे बघायला लागला. मग फोनजवळ वाकून म्हणाल्या, "पुन्हा सांग बेटा. हळू."

"दोन," सुवर्णा म्हणाली. "शे."

दोन आहे. दोन मायक्रोलिटर. मी शंभरपट टाकत होतो, तीन दिवस, आणि वर मेल लिहीत होतो. आमच्या बाटलीत दोन जंतूंनी एकमेकांना निरोप द्यायचा होता, आणि इथे दोन जिल्ह्यांतल्या दोन माणसांना साधा दोनचा आकडा देता-घेता आला नव्हता. तौसीफ हळूच म्हणाला, "पोचवण्यात बिघडलं."

मला वाटलं, आता मॅडम मला उभा चिरणार. पण त्या वर्तमानपत्राजवळच बसून राहिल्या, हातमोजे घातलेलेच. म्हणाल्या, "लिहू नका असं सांगणारी मी." त्यांचा चेहरा मी पहिल्यांदाच असा पाहिला. जन्मभर जी भाषा जंतूंशी बोलल्या ती आपल्या विद्यार्थ्याला ऐकूही येत नाही, हे त्यांना त्या दिवशी कळलं असावं.

आम्हाला वाचवलं ते डबीने. धुळ्याची मूळ ट्यूब मी केव्हाच फेकली असती, पण ती रिकामी परत पाठवायची नव्हती आणि तिच्यात काय भरायचं ते ठरत नव्हतं. म्हणून ती फ्रीजमध्ये पडून होती, तळाशी थोडासा जंतू शिल्लक. शुक्रवारी त्यातून नव्याने लावलं, पांढऱ्या टोकाने, दोन. शनिवारी ट्यूब दुधाळ झाली होती. मॅडम ती उजेडाकडे धरून म्हणाल्या, "जित्ता शे," आणि सासूबाईंना हात लावून नमस्कार केला. रविवारी दोन्ही जंतू एकत्र केले. एका ट्यूबमध्ये नुसतं पाणी, दुसरीत आम्हीच कार्बाइडने पिकवलेल्या केळीच्या सालीचं पाणी.

सोमवारी सकाळच्या एसटीने मॅडम आणि मी धुळ्याला निघालो. पॅकिंगच्या बाबतीत बाई कायद्याला कट्टर होत्या. एकात एक तीन डबे, वर फॉर्म, फॉर्मच्या दोन प्रती. सगळं त्यांनी मांडीवर धरलं होतं. पारोळ्याला कंडक्टरने विचारलं, काय आहे एवढं? मॅडम म्हणाल्या, विरजण. एवढं बांधून का नेताय असं त्याने विचारलं, तर म्हणाल्या की सासरचं आहे. कंडक्टरला ते पटलं.

वाटेत मी माफीचं भाषण पाठ करत होतो. त्यात पुन्हा खेद होता. मॅडम खिडकीबाहेर बघत होत्या. एरंडोलपासून त्यांनी एकच गोष्ट विचारली, "घरी कुणी अहिराणी बोलत नाही का तुझ्या?" मी नाही म्हटलं.

बैठकीत धुळ्याचे प्राचार्य होते, क्रीडा शिक्षक होते आणि भिंतीला टेकून सुवर्णा आणि तिचे तिघे उभे होते. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. मॅडमनी दोन्ही ट्यूब टेबलावर ठेवल्या. प्रवासात हलल्या होत्या, तापल्या होत्या. प्राचार्यांनी चष्मा वर केला, खाली केला आणि म्हणाले की मला तर दोन्ही सारख्याच दिसतात. मलाही नीट सांगता येईना.

तेवढ्यात क्रीडा शिक्षक पुढे वाकले. रोज मैदानावर शंभर मीटरवरून कुणाचा पाय रेषेवर पडला ते बघणारा माणूस. "नाही सर," ते म्हणाले, "ही उजवीकडची जांभळी आहे. कांद्याच्या सालीइतकी, पण आहे." म्हणाले आणि मग स्वतःच गप्प झाले, कारण आपण कशासाठी आलो होतो ते त्यांच्या लक्षात आलं.

प्राचार्यांनी विचारलं, मग या मेलचं काय? मी उभा राहिलो. मॅडमनी मला शर्टाला धरून खाली बसवलं, प्राचार्यांसमोरचा कोरा कागद ओढला आणि लिहायला लागल्या. ज्या बाईंना आम्ही हजेरीपलीकडे काही लिहिताना पाहिलं नव्हतं, त्या लिहीत होत्या, मोठ्या, गोल, शाळेच्या अक्षरात. लिहून झाल्यावर त्यांनी तो कागद उभं राहून वाचून दाखवला:

"अँटिबायोटिकचं प्रमाण दोन शे. आम्ही दोनशे टाकलं. धुळ्याच्या मुलांचा जंतू जिवंत होता. मेला होता तो आमचा कान. चूक जळगावची."

खाली सही केली आणि पेन माझ्याकडे दिलं. "तू पण कर." मी केली. कागद मांडीवरच धरला होता, त्यामुळे सही वाकडी आली, माझी वाटत नव्हती.

खोली राहिली. क्रीडा शिक्षकांनी गाद्या व्हरांड्यात लावून घेतल्या, आणि पुढे पावसाळ्यात त्या भिजल्याबद्दल वर्षभर सगळ्यांना ऐकवलं. निघताना मॅडमनी पर्समधून डबी काढून सुवर्णाच्या हातात दिली, विरजणाने भरलेली. सुवर्णाने ती घेतली आणि तेव्हा कुठे सगळ्यांसमोर रडली. माझ्याशी ती आणखी दोन महिने बोलली नाही. तिचं बरोबर होतं.

पदक मात्र मिळालं नाही. परीक्षकांचं म्हणणं, दोन संघांनी एकत्र काम केल्याचा लेखी पुरावा नाही. मेल दाखवा, नोंदी दाखवा. आमचं तर सगळं फोनवर झालेलं. लेखी म्हणाल तर दोनच कागद: एक माझा शिव्या घालणारा मेल आणि एक मॅडमचा माफीनामा. आम्ही दोन्ही इंग्रजी करून पाठवले. परीक्षकांनी शेरा दिला की संघ अत्यंत प्रामाणिक आहेत, आणि गुण दिले नाहीत. तिकडे एकमेकांचे फॉर्म भरणारे झाडून सगळे पदक घेऊन गेले.

मला मॅडमचा राग आला होता. त्यांच्या विरजणाच्या खुळापायी आमचं पदक गेलं असं मी उघड म्हणत फिरलो. त्यांच्या कानावर गेलं असणार. त्यांनी मला काही विचारलं नाही, फक्त पुढच्या वर्षीच्या संघासाठी एक वही आणली आणि पहिल्या पानावर लिहिलं, 'प्रमाण लिहावे. मग वाचून दाखवावे. मग पुन्हा विचारावे.' मग मला तीत सही करायला लावली. आता मी पुण्यात एका प्रयोगशाळेत नोकरी करतो. कुणी प्रमाण सांगितलं की मी ते लिहितो, वाचून दाखवतो आणि पुन्हा विचारतो. माणसं वैतागतात. इतकं कुणी मला शिकवलं नाही, आणि हे त्यांना मी सांगितलेलं नाही.

मॅडम निवृत्त होऊन माहेरच्या गावी राहतात. कानाला यंत्र दिलंय, ते पर्समध्ये असतं.

गेल्या महिन्यात मी कामाने धुळ्याला गेलो होतो. सुवर्णा आता त्याच कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते आणि खोली तिच्याच ताब्यात आहे. मी गेलो तेव्हा आत गर्दी होती. एका बाजूला तिचा धुळ्याचा संघ, दुसऱ्या बाजूला जळगावहून आलेला आमच्या कॉलेजचा. दर शनिवारी येतात, ती म्हणाली, एसटीने. खिडकीत ती डबी होती. आज तिच्यात जळगावच्या मुलांनी आणलेली शेव होती. आणि इन्क्युबेटरच्या वर भिंतीला, प्लॅस्टिकमध्ये घातलेला, मॅडमच्या गोल अक्षरातला कागद. एका मुलीने मला विचारलं, सर, खाली ही वाकडी सही कुणाची? मी म्हटलं, माहीत नाही.

तिथूनच मी मॅडमना फोन लावला. कुठून बोलतोस विचारलं, मी सांगितलं की त्या खोलीतून. त्यांना ऐकू येत नव्हतं, तीनदा सांगितलं. मग त्यांनी विचारलं, "आते तठे कितल्या टीम शेतस?"

इतक्या वर्षांत थोडी अहिराणी मीही गोळा केली होती, मुख्यतः सुवर्णाची बोलणी खाऊन. मोठ्या ऐटीत मी म्हटलं, "दोन शे, मॅडम."

सुवर्णाने कपाळावर हात मारला. "शेतस रे. एकाले शे, दोनले शेतस."

पण निरोप गेला होता. पलीकडून मॅडमचा आवाज आला, बारीक, जरा थरथरता.

"दोनशे? त्या एवढ्याशा खोलीत?"

सुवर्णाने फोनसाठी हात पुढे केला. मी दिला नाही.

"दोनशे," मॅडम स्वतःशीच म्हणाल्या. "मंग आते मोठा डबा लागी."

"हो मॅडम," मी म्हटलं, "मोठाच लागेल."